‘शक्तिमान’चा वाद आणि विसरलेला प्रश्न

लोकप्रिय कलाकृतीसंबंधी समाजात दोन तट पडावेत, यात नवल नाही. परंतु दोन्ही तट मूळ प्रश्नालाच बगल देत असतील, तर त्या वादाची फेरतपासणी करणे अगत्याचे ठरते. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर चाललेल्या ‘शक्तिमान’ मालिकेचा वाद या जातीचा आहे. २०२०च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखविली गेली, तेव्हाही चर्चा स्मरणरंजनापलीकडे फारशी गेली नाही.

समर्थकांना हा नायक आपला वाटला. त्याचे सामर्थ्य योगसाधनेतून आले होते. शिवाय प्रत्येक भागाच्या अखेरीस तो मुलांना सद्वर्तनाचे चार शब्द सांगे. विरोधकांचा आक्षेप वेगळा होता. शक्तिमान वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळी छापून आल्या. निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी हा आरोप नाकारला. तथापि, ‘माझे अनुकरण करू नका’ असे पडद्यावरून बजावणे त्यांनाही आवश्यक वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

एका पक्षाने नायकाला गौरविले, दुसऱ्याने दोषी धरले. या व्यवहाराचा खर्च कोण सोशीत होता, हे मात्र कोणी विचारले नाही. निर्मात्याने दूरदर्शनला वेळेचे शुल्क द्यावे आणि ते जाहिरातींतून वसूल करावे, अशी ती व्यवस्था होती. बाजारात मोल देतो तो ग्राहक. येथे मूल ग्राहक नव्हतेच. ग्राहक होता जाहिरातदार, आणि विकले जात होते ते मुलांचे लक्ष. पुढे खन्ना यांनीच सांगितले की, शुल्क वाढत गेल्याने मालिका परवडेनाशी झाली. म्हणजे ती थांबली ती मुलांच्या हिताअहिताच्या विचाराने नव्हे, तर जमाखर्चाच्या हिशेबाने.

प्रसार भारतीची स्थापनाही १९९७ मधलीच. मुलांच्या हितरक्षणासाठी विशेष उपाय योजणे हे त्या संस्थेचे कर्तव्य असल्याचे तिच्या कायद्यात नमूद आहे. ज्या संस्थेवर हे कर्तव्य, तिनेच मुलांच्या वेळेकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहावे, हा विरोधाभास लहान नव्हे.

जाहिरात नसती तर मालिकाच निघाली नसती, हे म्हणणे खरे आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. बालकांसाठीचे कार्यक्रम शाळेप्रमाणेच सार्वजनिक खर्चातून व्हावयास हवेत, आणि प्रसारणापूर्वी ते शिक्षकांच्या नजरेखालून जावयास हवेत. आज मूल हातातल्या पडद्यासमोर एकटेच बसते. तेथे तर शेवटी सावध करणारा नायकही असेलच असे नाही. त्याच्या लक्षाचा सौदा रोज होत असताना आपण मात्र नायक चांगला की वाईट, एवढ्यावरच भांडत राहणार काय?