ओल काढणाऱ्या हातांनाही प्रमाणपत्र हवे

वसतिगृहाच्या पश्चिमेकडील खोल्यांत राहून गेलेल्यांना त्या भिंती विसरता येणार नाहीत. भिंतीशी ठेवलेल्या ट्रंकांचे तळ गंजत, वह्यांना कुबट वास येई, लोणा सुटून गिलाव्याचे पोपडे अंथरुणावर पडत. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात भिंती ओल्या कशा, असे पाहुणे विचारीत. आम्ही तीनदा रंग दिला. तिसऱ्या वेळी दुकानदाराच्या सांगण्यावरून महागडे रसायनही फासले. पावसाळा सरताच पोपडे पुन्हा हजर.

अखेर मुलाला भेटायला आलेले एक पालक त्या भिंतीपाशी थबकले. व्यवसायाने ते गवंडी. बाहेर जाऊन त्यांनी फावड्याने मुरूम बाजूला केला. अंगण सपाट करताना आम्हीच घातलेली भर जोत्याच्या वर चढली होती आणि जोत्यावरील ओलरोधक थर तिच्याखाली गाडला गेला होता. "सर, रंगानं ओल मरत नसती. तिची वाट बंद कराय पाहिजे," एवढेच ते म्हणाले. भर उतरवली, पाण्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला, खारावलेला गिलावा खरवडून भिंत पूर्ण उन्हाळाभर वाळू दिली आणि मगच नवा गिलावा केला.

याच गृहस्थांना एका गृहनिर्माण संस्थेने गच्चीचे काम नाकारले, कारण त्यांच्याजवळ कागद नव्हता. कागद असलेल्याने ते काम घेतले आणि रोजंदारीवर यांनाच बोलावले!

म्हणून आमचे म्हणणे असे, की ओल निवारण्याचे काम रीतसर शिकले जावे आणि शिकलेल्याला त्याची मान्यता मिळावी. यातील खरी विद्या निदानाची आहे. जमिनीतून चढलेली ओल भिंतीच्या खालच्या भागातच राहते आणि वर क्षारांची रेघ सोडते. गच्चीतून झिरपलेले पाणी छताच्या कोपऱ्यात डाग पाडते. न्हाणीघरातील नळाची गळती भर वैशाखातही थांबत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. ब्रिटनमध्ये ओलीचे निदान करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. आपल्याकडे भारतीय मानक ३०६७ मध्ये इमारतीच्या ओलरोधनाची पूर्वतयारी, तर २६४५ मध्ये सिमेंटमध्ये मिसळण्याच्या जलरोधक द्रव्यांच्या कसोट्या दिल्या आहेत. परंतु इंग्रजीतील ती पाने मिस्त्रीच्या हाती कोण देणार? आपल्या आजोबांना मृगाआधी माळवदावर पांढरी माती कशी पसरावी हे ठाऊक होते. स्लॅब आला, ते ज्ञान निकामी झाले आणि नवे कोणी शिकवले नाही. २०२० च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीने त्याची किंमत कित्येक घरांना दाखवली.

मार्ग नाहीत असे नाही. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आधीच काम करणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झालेली आहे. रसायने बनवणाऱ्या कंपन्याही शिकवतात. मात्र तेथे शिकवणारा आणि माल विकणारा एकच असतो, हे विसरू नये. चार दिवसांत वाटलेला कागदही आम्हाला नको आहे. गच्चीवर आळे करून पाणी साठवून दाखवावे, खाली थेंब उतरला तर नापास करावे.

"शिकवून पुन्हा थापीच हातात देणार का?" असा प्रश्न काही पालकांनी केला. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे. पण जन्माने गळ्यात पडलेले काम आणि परीक्षा देऊन मिळवलेला व्यवसाय यांत अंतर आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळत होते. कुशल कामगाराचा प्रश्न त्यांनी गौण मानला नव्हता. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला आम्ही मागे ओढत नाही. आजच बांधकामावर राबणाऱ्या शेकडो माजी विद्यार्थ्यांविषयी आम्ही बोलत आहोत. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतींतील हजारो घरे जुनी होत जातील, तसे हे काम वाढणारच आहे.

येत्या उन्हाळी सुटीत शाळेचे दोन वर्ग रिकामे असतील. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत, मानकांतील आवश्यक तेवढा भाग मराठीत उतरवावा आणि चाचणीचे अर्ज भरण्यास मदत करावी. त्या गवंडी पालकांना आम्ही विचारले. "शिकवायला येतो," ते म्हणाले, "परीक्षेलाबी बसतो. फॉर्म तेवढा पोरगं भरंल."