आलू, बटाटा आणि शुद्ध मराठी

नागपूरचा पोरगा पुण्यात नोकरीला लागला की पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये त्याची शिकवणी सुरू होते. तो "आलूबोंडा" म्हणाला की लगेच कोणीतरी सांगतं, "अरे, आलू हिंदी. मराठीत बटाटा म्हणतात." "करून राहिलो" म्हटलं तर हशाच!

आता ज्या शब्दाच्या जोरावर ही शिकवणी चालते, त्याची कुंडली बघा. बटाटा हा मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा शब्द. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला आणि पुढे स्पॅनिश लोकांनी तो उचलला. स्पॅनिशमधून इंग्रजीत जाऊन त्याचा पोटॅटो झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. म्हणजे पोटॅटो आणि बटाटा सख्खे चुलत भाऊ. त्यातही गंमत अशी, की टाइनो लोक बटाटा म्हणायचे ते रताळ्याला! खऱ्या बटाट्याला दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत 'पापा' म्हणतात. दोन्ही कंद युरोपात गेले आणि तिथे नावांची सरमिसळ झाली.

आणि आलू? संस्कृतात 'आलु' म्हणजे खायचा कंद. 'रक्तालु', म्हणजे लाल कंद, यावरून आपलं रताळं आलं. म्हणजे आलूला नाक मुरडणारा माणूस एकादशीला रताळ्याचा कीस खातो, तेव्हा त्याच्या ताटात आलूच असतो की!

नवी वस्तू ज्या वाटेने येते, त्या वाटेवरचं नाव घेऊन येते. कोकणाला समुद्र, आम्हाला हिंदीचा शेजार. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हेही लोक विसरतात.

मग बटाटा हाकलून द्यायचा का? छे! तसं केलं तर पाव, चावी, अननस, काजू सगळंच जाईल, सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. वापरून वापरून ते आपले झाले. आलूही तसाच आपला, एवढंच म्हणणं आहे.

यात हसण्यासारखं काही असेलही, पण नुकसान खरं आहे. दोन-चार वेळा टोकलं गेलं की हा पोरगा मराठी बोलणंच कमी करतो. सरळ हिंदीवर येतो, मीटिंगमध्ये इंग्रजीवर. त्यात कोणी चूक काढत नाही ना! म्हणजे शुद्ध मराठी वाचवता वाचवता आपण एक मराठी बोलणारा घालवला. पुढे त्याची पोरं काय बोलणार, सांगा.

असो. ज्यांना अजूनही आलू खटकतो, त्यांनी आधी एक महिना 'पगार' हा शब्द न वापरता काढून दाखवावा. तोही पोर्तुगीजच आहे. मग बसू निवांत, आलूबोंडा खात.