बाटली कुणाची, हे कशाला विचारता?

पर्यटकांना घेऊन समुद्रात हिंडणाऱ्या बहुमजली जहाजांच्या नियमावलीत एक कलम हटकून असते. कार्निव्हलसारख्या अमेरिकी कंपनीच्या जहाजावर चढताना प्रौढ प्रवाशाला वाइनची ७५० मिलीलिटरची एक सीलबंद बाटली बरोबर नेता येते. ती त्याने आपल्या खोलीत बसून संपवली तर कुणी काही विचारत नाही. तीच बाटली भोजनगृहातल्या टेबलावर आली की कॉर्केज लागते, म्हणजे बूच काढून पेले मांडून देण्याचे पैसे. मुंबईहून गोव्याकडे निघणाऱ्या कॉर्डेलियावर तर बाहेरची दारू नेताच येत नाही. प्यायची असेल तर जहाजावरच्या बारमधलीच. यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, बाटली माझी, पैसे माझे, मी डेकवर बसून प्यालो तर तुमचे काय गेले? दुसरा म्हणतो, सामाईक जागेत शिस्त हवी, ज्याने त्याने आपापल्या बाटल्या आणल्या तर जहाजाचा गुत्ता होईल. माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि दोघे एकाच जागी चुकतात. बाटली कुणाची, यावर दोघांची सगळी भिस्त आहे. सामाईक जागेतल्या नियमाने विचारायला हवे ते जागा कोणती आणि पिणारा वागतो कसा, एवढेच. पेयाची पावती कुणाच्या नावाची आहे याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नसावे.

शिस्तवाल्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती वरवर सभ्य दिसते. जहाजावर दारूला मनाई नाही. पोहण्याच्या तलावाकाठी, नाचाच्या दालनात, जुगाराच्या टेबलापाशी लोक दिवसभर हातात पेला घेऊन वावरतात. मनाई आहे ती बाहेर विकत घेतलेल्या दारूला. चौदा टक्के मद्यार्काची वाइन बारमधून आली तर शिस्त टिकते आणि प्रवाशाच्या पिशवीतून आली तर मोडते, हे कोणत्या न्यायाने? शिस्तीचीच काळजी असती तर नियम सगळ्यांना सारखा लागला असता. तसे सारखे नियम अस्तित्वात आहेत. आपल्याकडे देशांतर्गत विमानात कंपनी दारू देत नाही आणि प्रवाशाला स्वतःचीही पिऊ देत नाही. हा नियम कुणाला कडक वाटेल, पण तो पंक्तिप्रपंच करत नाही.

हा वाद समुद्राचा असला तरी त्याचे खरे स्वरूप समुद्रापासून दूर, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात जास्त स्वच्छ दिसते. ब्राह्मणपुरीसारख्या गावातून पाहिले तर एका अंगाला मध्य प्रदेशातले खेतिया आहे, आणि पश्चिमेला नंदुरबार-नवापूर ओलांडले की गुजरात. भिल्ल आणि पावरा समाजाची सोयरीक या रेषा जुमानत नाही. मोहाची झाडे तर नाहीच नाही. पण मोहाच्या बाटलीला तीन कायदे लागतात. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळायला आणि बाळगायला मर्यादित सूट आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे. गुजरातेत तर संपूर्ण दारूबंदी. फूल तेच, मडके तेच, पिणारा मामा-भाच्यांच्या नात्यातला. एकीकडे रीत, दुसरीकडे गुन्हा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, म्हणजे फूल मोकळे झाले. दारूसाठी मात्र अजून परवाना लागतो. मध्य प्रदेशाने तर पुढे जाऊन मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला आणि अलिराजपूरची ‘मोंड’ बाटलीबंद होऊन दुकानात आली. जी वस्तू झोपडीत गाळली की हातभट्टी म्हणवते तीच लेबल लावून आली की वारसा होते, आणि फरक पडतो तो विकणारा कोण एवढ्यानेच.

हा फरक आजचा नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप बंद करून ते ठरावीक भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे सोपवली. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा आला आणि झाडाखाली पडलेले फूल वेचून घरात साठवणेही सरकारच्या डोळ्यांवर आले. तेव्हाही कारण शिस्तीचे आणि आरोग्याचे सांगितले जात होते. पण त्याच सरकारने मक्तेदाराचे दुकान गावाच्या तोंडाशी उघडून दिले आणि त्याच्या लिलावातून तिजोरी भरली. पिणे कमी व्हावे अशी इच्छा असलेला माणूस पिण्याचे दुकान काढून देत नाही. जहाजाच्या मालकाचे वागणे याच जातीचे आहे; त्याचा मक्ता छोटा आणि सुशोभित आहे, इतकेच. आपल्या कायद्यात याचा एक विनोदी अवशेष अजून शिल्लक आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपयांना आणि विदेशीसाठी ५ रुपयांना मिळतो, आणि तो दिला जातो आरोग्य जपण्यासाठी! पाच रुपयांत आरोग्य जपणारे दुसरे खाते निदान माझ्या ऐकिवात नाही.

एवढे वाचून ‘माझी बाटली, माझा हक्क’ म्हणणारे खूश होतील. त्यांनी थोडे थांबावे, कारण याच तालुक्याचा इतिहास त्यांच्याही विरोधात साक्ष देतो. १९७२ च्या सुमारास शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांच्या कामातून जागा झालेला भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढू लागला. त्या लढ्यात आलेल्या बायकांनी लवकरच एक वेगळा प्रश्न पुढे ठेवला: दिवसाची मजुरी संध्याकाळी दारूत जाते आणि रात्री मार आम्ही खातो, त्याचे काय? मग त्या जमावाने गुत्त्यांवर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. भारतातल्या आधुनिक स्त्री-चळवळीचा इतिहास लिहिताना शहाद्याचे हे प्रकरण टाळता येत नाही. फुटलेली मडकीही कुणाच्या तरी मालकीचीच होती. नवरा प्यायला तोही स्वतःच्या कमाईचेच प्यायला. ‘आपल्या पैशाचे’ या शब्दांत न मावणारी किंमत घरातल्या बाईने आणि पोरांनी मोजली होती. सामाईक जागेत पिणे ही केवळ पिणाऱ्याची खासगी बाब उरत नाही, हे या बायकांनी कोणत्याही कायदेपंडिताआधी स्वच्छ दाखवले. १९२२ साली दक्षिण गुजरात आणि लगतच्या मुलखात पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली. पुढच्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आप पंथानेही तेच केले. सरकारला जे दंडाने जमले नाही ते लोकांनी स्वतः ठरवून केले, आणि त्यात मक्तेदाराचे दुकान बसले.

कुणी विचारेल, या बायकांनी तर घरच्या मडक्याची आणि मक्तेदाराच्या बाटलीची गत एकच केली, मग तुमचा मुद्दा उरतो कुठे? माझ्या मते इथेच तो पक्का होतो. त्यांनी दारू कुणी विकली हे पाहिले नाही, ती इथे काय करते आहे हे पाहिले. दुसरे असे, की भिल्ल-पावरा रीतीत मोहाच्या दारूला जे स्थान आहे ते एकट्याच्या बाटलीचे नाही. पूजेत आधी जमिनीवर धार पडते, मग ती मंडळींत फिरते. लग्नात आणि मयताच्या कार्यात तिला जागा आहे. तिथे घरून आणलेली दारू सामाईक जागी येताक्षणी सामाईक होते आणि किती चालेल, कुठे थांबायचे, हे जाणती माणसे पाहतात. या रीतीचा फार गोडवा गाण्यात अर्थ नाही. जाणत्यांत बायका किती असतात हा प्रश्न शहाद्याने विचारलाच आहे. पण जागा आणि वागणूक यांवरून ठरणारा नियम शक्य आहे, हे तिथे दिसते.

आता मालकीच्या आक्षेपाकडे वळू, कारण कायद्याच्या दृष्टीने तो सर्वांत वजनदार आहे. जहाज कंपनीचे, तिकीट घेताना अटी मान्य केल्या, मग तक्रार कसली? सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीरच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात असेच म्हटले: चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचे खाद्य आणू द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबी खाऊन खुर्चीला बोटे पुसणाऱ्या प्रेक्षकाचे उदाहरण दिले होते. पण त्याच निकालात प्यायचे पाणी मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या मुलासाठी पालकांना वाजवी प्रमाणात खाणे आणता येईल, हेही आले. म्हणजे लोकांना आत घेऊन बसवले की मालकी निरंकुश राहत नाही, हे न्यायालयालाही मान्य आहे. कुंपण कुठे घालायचे इतकाच प्रश्न उरतो. आणि जिलेबीचे बोट तर माझ्याच बाजूला दाखवते. खुर्ची चिकट होते ती जिलेबीने, आणि चित्रपटगृहातल्या दुकानात विकलेल्या चीज-पॉपकॉर्ननेही तितकीच होते. २०१८ साली हाच वाद मुंबई उच्च न्यायालयात होता. राज्य सरकारने बाहेरचे खाद्य सुरक्षेला धोका ठरू शकते अशी भूमिका घेतली, तेव्हा न्यायालयाने विचारले की विमानात चालते ते इथे का चालू नये? नेमका हाच प्रश्न जहाजाला विचारायचा आहे. शिवाय चित्रपटगृहातला प्रेक्षक तीन तासांत बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. भर समुद्रात टपरी कुठून आणणार?

सुरक्षेचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती मिथेनॉलची भेसळ होती. बाटलीत काय आहे हे विकणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. जहाजावर कुणी पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून नेतो, तेव्हा किती प्यायली याचा हिशेब कर्मचाऱ्यांच्या हाताबाहेर जातो आणि कठड्यापलीकडे समुद्र असतो. म्हणून सीलबंद असावी, वाइनच असावी, माणशी एक असावी, चढताना दाखवावी, या अटी रास्त आहेत आणि मी त्या मान्य करतो. त्या पाळल्यावर धोका बारमधल्या बाटलीइतकाच उरतो, मग वेगळी वागणूकही उरू नये. बारमधून पाचवा पेला घेणाऱ्याला जे थांबवतात त्यांनी पिशवीतल्या बाटलीवाल्यालाही त्याच शब्दांत थांबवावे.

गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला बंदी घातली. तेव्हा एकट्याला २,००० रुपये दंड ठरला, टोळक्याला १०,०००. वाळूत रुतलेल्या काचांनी पाय कापतात, हे कारण खरे आहे, आणि नियम जागेवरून केला हेही बरोबर. पण त्याच वाळूवर शॅकची खुर्ची असली की बिअरची बाटली कायदेशीर होते. पायात घुसणारी काच शॅकची की सुपरमार्केटची, हे पायाला कळत नाही. काचेची भीती असेल तर काच सगळ्यांनाच बंद करावी आणि कागदी पेले द्यावेत. मग विकणाऱ्याची सोय शिस्तीच्या नावाखाली खपणार नाही.

नियम कुणी करावा, याचे उत्तर जहाजापेक्षा आपल्या गावांत जास्त पुढे गेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला; शहादा तालुक्यातली कितीतरी गावे त्या क्षेत्रात येतात. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातले दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली की दुकान उठते. दोन्हींत ठरवणारे लोक ते आहेत ज्यांना त्या जागेत राहायचे आहे, आणि नियम सर्व बाटल्यांना एकच लागतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि त्यातला अर्धा भाग मला पटतो. तिकीट स्वस्त ठेवून कंपनी बारमधून कमावते. बाहेरची वाइन आली तर तिकीट महागेल. महागू द्या, न पिणाऱ्याच्या तिकिटाची भरपाई पिणाऱ्याच्या घशातून काढायचा धंदा फार प्रतिष्ठेचा नाही. पण त्या बारमागे उभा असलेला माणूस वेगळा आहे. तो पुष्कळदा गोव्याचा किंवा कोकणातला असतो, महिनोन्महिने घराबाहेर असतो, आणि पेयांच्या बिलावर लागणाऱ्या सेवाशुल्कावर त्याची कमाई बरीचशी अवलंबून असते. प्रवाशाची स्वतःची बाटली उघडायला, पेले आणायला आणि नंतर धुवायलाही तोच लागतो. त्याच्या श्रमाचे म्हणून कॉर्केज घेतले, ते कंपनीच्या नफ्यात न जाता त्याच्याच खात्यावर जमा झाले आणि तसे बिलावर छापले, तर ते देताना कुरकुरणाऱ्या प्रवाशाची बाजू मी घेणार नाही.