कारखान्याची टाकाऊ माती व शेतकऱ्याची नळी

कबनूरच्या शिवारास एका अंगानें इचलकरंजीचे यंत्रमाग लागून आहेत व दुसऱ्या अंगानें ऊस आहे. अशा मुलखांत शेजारच्या कारखान्याचा उकिरडा कोठें जातो याची चौकशी शेतकऱ्यानें केली तर तें कोणासहि गैर वाटूं नये. शिरोली, गोकुळ शिरगांव, हातकणंगले या बाजूच्या फौंड्र्यांतून साच्यांची जळकी काळी वाळू निघते. साखर कारखान्यांच्या बॉयलरांतून राख निघते. आमच्याच जिल्ह्यांतील दुर्गमानवाडीचें बॉक्साइट बेळगांवच्या कारखान्यास गेलें आहे. आणि बॉक्साइटपासून एक टन ॲल्युमिना काढावा तर मागें सुमारें एक ते दीड टन तांबडा गाळ राहतो. हा गाळ अतिशय क्षारयुक्त असतो. हंगेरी देशांत आयका येथें २०१० च्या ऑक्टोबरांत अशा गाळाचा बांध फुटून १० माणसें मेलीं व आसपासची शेतजमीन त्याखालीं गेली.

अशा टाकाऊ खनिजांची भुकटी प्लॅस्टिकच्या राळेंत भर म्हणून घालावी व तिचे खांब, फळ्या, झांकणें करावीं, अशी सूचना हल्लीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. कल्पना जुनीच आहे. बेकलंड यांनीं १९०७ सालीं काढलेल्या बेकेलाइटमध्येंहि लाकडाच्या भुकटीची भर घालीत. भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेनें, जिला २००७ पासून ॲम्प्री असें नांव आहे, तांबडा गाळ, ताग व पॉलिएस्टर राळ यांच्यापासून लाकडासारखीं दारें व फळ्या करून दाखविल्या आहेत. तागाऐवजीं आपल्या अंबाडीचा वाख चालतो कीं काय, हेंहि कोणीं करून पाहावें. बांधावरच्या पिकास त्यामुळें किंमत येईल.

या कामास आमचा विरोध नाहीं. गाळ ओढ्यांत जाण्यापेक्षां दाराच्या फळींत गेलेला बरा. पण भर घालणें म्हणजे आमटींत पाणी वाढविणें नव्हे. खनिजाची भुकटी घातली म्हणजे माल ताठ होतो, उन्हानें कमी वांकतो व स्वस्त पडतो. त्याबरोबरच तो ठिसूळहि होतो. दगड आणि राळ एकमेकांस आपण होऊन धरीत नाहींत. दोहोंस सांधणारें सिलेनसारखें द्रव्य कणांना चोपडावें लागतें, नाहींतर प्रत्येक कणापाशीं चीर सुरू होते. भुकटी ओली राहिली तर मालांत बुडबुडे धरतात. वाळूचे कण तर यंत्राचें मळसूत्रच खाऊन टाकतात. फौंड्रीच्या वाळूंत जुनी राळ व धातूंचे अंश असूं शकतात, म्हणून तपासणीवांचून ती घेणें धोक्याचें आहे. शिवाय सगळी वाळू प्लॅस्टिकांत मुरविणें शक्यहि नाहीं. ती भाजून, चाळून पुन्हां साच्याच्या कामीं लावणें हें फौंड्रीवाल्यांचें पहिलें कर्तव्य होय.

आतां शेतकऱ्याच्या घरचा प्रश्न. पाणी आणण्यासाठीं आपण जी पीव्हीसीची नळी जमिनींत पुरतों, तींत चुनखडीची भुकटी घातलेली असतेच. ठरल्या प्रमाणांत ती असली तर तक्रार नाहीं. परंतु राळ महाग आणि खडू स्वस्त, म्हणून लोभी कारखानदार खडू वाढवितो. वजनदार नळी ती मजबूत असा आपल्यांत समज आहे, आणि येथेंच आपण फसतों. पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारें १.४ पट, तर खडूची २.७ पट असते. म्हणजे खडू जितका जास्त तितकी नळी जड, आणि टिकाऊपणा मात्र कमी. ती पाण्याच्या दाबानें फुटते ती ऐन लागणीच्या दिवसांत.

याची परीक्षा घरीं होते. नळीचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोलावा, मग दोऱ्यानें पाण्यांत सोडून तोलावा. कोरडें वजन ४२ ग्रॅम व पाण्यांतलें १२ ग्रॅम भरलें तर फरक ३० ग्रॅम. ४२ ला ३० नें भागतां १.४ येतात, आणि नळी ठीक आहे असें समजावें. त्याच आकाराचा तुकडा ४५ ग्रॅम भरला तर भागाकार १.५ येतो, आणि वजनाचा सुमारें सातवा हिस्सा खडूच आहे असा ढोबळ अंदाज करावा. मग भारतीय मानक ४९८५ चा शिक्का कोठें आहे तें दुकानदारास विचारावें. शिक्का असूनहि भागाकार जास्त आला तर तुकडा जाळून उरणारी राख तोलण्यासाठीं प्रयोगशाळेंत पाठवावा.

आमचें म्हणणें असें कीं, टाकाऊ खनिजाच्या भरीचा माल कुंपणाच्या खांबास, गटाराच्या झांकणास, गोठ्याच्या दारास खुशाल घ्यावा. दाबाच्या पाण्याच्या नळीस मात्र, तिच्यांत कोणती भुकटी किती आहे हें विक्रेत्यानें लिहून दिल्यावांचून घेऊं नये. एकट्यादुकट्यानें असें लिहून मागितल्यास तो हंसेल. संघानें नळ्यांची खरेदी एकत्र करून ही अट घालावी, आणि पुढील लागणीपूर्वीं निदान दहा गांवांचे तुकडे गोळा करून तोलावे.