इशारा जिल्ह्याला, धोका ओढ्याला

लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधीच, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा बळी गेला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. दोन्ही दिवस रविवार होते. दोन्ही वेळा चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: पर्यटक बेफिकीर की प्रशासन सुस्त?

वरवर पाहता या दोन दुर्घटनांची कारणे वेगळी आहेत. भुशीत पाण्याचा लोंढा अचानक वाढला, तर कुंडमळ्यात जीर्ण पुलावर त्याला न पेलणारी गर्दी झाली. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे समान होती. त्या क्षणी, त्या जागी, 'आता पुढे जाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार असलेले कोणीही उभे नव्हते. कुंडमळ्यात धोक्याचा फलक होता. पण फलक कोणाला अडवू शकत नाही.

हवामान खात्याचा अंदाज नसतो असे नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. पुणे जिल्ह्यासाठी तर घाटमाथ्याचा इशारा शहरापेक्षा वेगळा दिला जातो. मात्र हा इशारा मोठ्या टापूला आणि संपूर्ण दिवसाला लागू असतो. धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला हवी असते ती वेगळीच माहिती: या ओढ्याचे पाणी गेल्या पंधरा मिनिटांत किती चढले? समोर पाऊस थांबलेला असला तरी वरच्या पठारावर तो कोसळत असू शकतो. सह्याद्रीचा उतार तीव्र, खडक काळा बेसाल्टचा आणि त्यावरील मातीचा थर पातळ. त्यामुळे पाणी मुरण्यास वाव कमी आणि ओढा फुगण्यास वेळही थोडा. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात हे नवल नव्हे, नित्याचे आहे.

पाण्याच्या जोराविषयीचा आपला अंदाजही बहुधा चुकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे जेमतेम सहा इंच पाणी प्रौढ माणसाला खाली पाडू शकते. पायाखाली शेवाळलेला खडक असेल तर तेवढेही लागत नाही. एकमेकांना घट्ट धरून उभे राहिल्याने हा रेटा कमी होत नाही. भुशीच्या त्या कुटुंबाने शेवटच्या क्षणी तेच केले होते.

या संदर्भात थंड समुद्राच्या देशांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनच्या कॉर्नवॉलसारख्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होण्यासाठी येणारा माणूस नुसता 'आज वारा जोराचा आहे' एवढ्यावर समाधान मानत नाही. लाटेची उंची, दोन लाटांमधील सेकंदांचे अंतर, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्याचे तापमान ही माहिती त्याला किनाऱ्यागणिक मिळते, कारण शेजारच्या दोन किनाऱ्यांवरही स्थिती भिन्न असू शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निशाण. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधली जागा पोहण्यासाठी असते आणि लाल निशाण लागले की पाण्यात उतरायचे नसते. जीवरक्षक स्थिती पाहून निशाणे हलवतात, तारीख पाहून नव्हे. हे आपल्याला परकेही नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी'चे जीवरक्षक २००८ पासून काम करीत आहेत आणि पावसाळ्यात तेथे लाल निशाणे दिसतात.

मावळात मात्र आपला भर मनाई आदेशांवर राहिला. २०२४च्या दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या ठिकाणी निर्बंध लादले. तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखे होते. परंतु मनाईचा पाया तारीख आणि घड्याळ हा असतो. पाणी संथ असतानाही दार बंद राहिले, तर लोक आडवाटेने आत शिरतात आणि मग लोंढा येतो त्या दिवशीही त्याच वाटेने जातात. शिवाय भजी, चहा आणि मक्याच्या कणसांवर वर्षाची बेगमी करणाऱ्या स्थानिकांचा हंगाम बुडतो, तो वेगळाच.

यावर उपाय खर्चिक नाही. गर्दीच्या मोजक्या ठिकाणी पात्रातील खडकावर पातळीच्या ठळक खुणा रंगवाव्यात. काठावर हिरवे व लाल निशाण असावे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक माणूस आणि भोंगा असावा. जून ते सप्टेंबर या काळात प्रशिक्षित स्थानिक तरुणांना मानधनावर नेमावे आणि निशाण बदलण्याचा व जागा रिकामी करण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा. 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांकडे या रानाची जाण आहे. आज ती प्रामुख्याने माणूस वाहून गेल्यानंतर उपयोगी पडते. खर्चासाठी वाहनतळ शुल्कातील वाटा राखून ठेवता येईल.

प्रत्येक अनाम धबधब्यावर पहारा शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कोठे पहारा आहे आणि कोठे नाही, हे जाहीर झाले पाहिजे. खरी अडचण अधिकाराची आहे. भुशी धरण रेल्वेचे, मागचे रान वन खात्याचे, गाव नगर परिषदेचे आणि बंदोबस्त पोलिसांचा. चौघांच्या मध्ये ओढा कोणाचाच राहत नाही. तो कोणाचा, हे पुढचा रविवार येण्याआधी एका सहीने ठरू शकते. ती सही झाली नाही, तर प्रत्येक दुर्घटनेनंतर नवा आदेश निघेल आणि काठावर मात्र कोणीच उभे नसेल.