पडद्यावरच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तिचे दूतावास परदेशातील विद्यार्थी-पत्रकारांसाठी तज्ज्ञांशी व्हिडिओ संवाद घडवून आणतात. पडद्यावर तज्ज्ञ इलेक्टोरल कॉलेजच्या ५३८ मतांचे गणित समजावतो. ऐकायला आमची हरकत नाही. पण केवळ माना डोलावून उठू नये. २००० साली गोर आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात जास्त मते मिळूनही अध्यक्षपद का मिळाले नाही? कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणाऱ्या १९६५ च्या कायद्यातील पूर्वपरवानगीची तरतूद २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ का केली? प्रत्येक मताचे मूल्य समान, हा निकष बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आपल्या हाती दिला. तो लावून विचारा. उत्तर मिळाले तर तो संवाद, नाही तर निव्वळ प्रचार!