उपमा की तुलना?

इंग्रजीच्या पेपरात ‘कंपेअर’ हे क्रियापद आले की आम्हा विद्यार्थ्यांचे पेन थबकते. पुढे ‘टू’ लिहायचे की ‘विथ’? बहुतेकजण देवाला कौल लावल्यासारखे एक निवडतात आणि पुढे जातात.

नियम तसा सोपा आहे. एक वस्तू दुसरीसारखी आहे एवढेच सांगायचे असेल तर ‘टू’. दोन्ही शेजारी ठेवून साम्य आणि भेद तपासायचे असतील तर ‘विथ’. आज पुष्कळ इंग्रज लेखकही हा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत. तरी तो पाळावा, असे माझे मत आहे. आपल्याला ते अवघडही नाही, कारण मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत. ‘टू’ म्हणजे उपमा देणे, ‘विथ’ म्हणजे तुलना करणे. मुखाला चंद्राची उपमा देताना चंद्रावरचे डाग कोणी मोजत नाही. पण तुलनेत ‘तुला’ आहे, म्हणजे तराजू; आणि तराजूला दोन पारडी लागतात.

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही. पावसाळ्यात आमच्या मुळशी धरणावर मोटारींची रांग लागते. पाहुणे म्हणतात, ‘अगदी काश्मीर!’ ही झाली उपमा. ती ऐकून आम्हालाही बरे वाटते. पण याच धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, येथील मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. अखेर धरण झाले. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरले, वीज मुंबईला गेली आणि गावे, भातखाचरे पाण्याखाली राहिली.

एका पारड्यात मुंबईची वीज आणि दुसऱ्यात ही खाचरे ठेवली, की तुलना सुरू होते. ती उपमेइतकी सोपी नाही. विजेने शहराचे जे भले झाले तेही मोजावे लागते आणि पारडे कोणीकडे झुकेल हे आधी ठरवून चालत नाही. म्हणूनच आपण उपमेवर थांबतो, आणि तुलना केली असे समजतो.

माझी अध्यापकांना एक विनंती आहे. हा नियम शिकवताना फळ्यावर उपमा आणि तुलना हे दोन शब्द लिहावेत. आणि मित्रहो, धरणाच्या काठी काश्मीर आठवले तर खुशाल म्हणावे. पण पाण्याखाली कोणती गावे आहेत, हेही एकदा तिथल्या माणसाला विचारावे.